करारात न लिहिलेलं

दोन कंपन्यांमधलं नातं कधी सुरू झालं आणि कधी संपलं हे कागदावर शोधायचं तर अगदी सोपं आहे, पहिली पीओ म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर कुठल्या तारखेची, शेवटचं बिल कधी निघालं, बस्स. पण मी नोकरीची बरीचशी वर्षं पर्चेसमध्ये काढली आणि मला त्या तारखा कधीच खऱ्या वाटल्या नाहीत. नातं पहिल्या पीओच्या आधीच कुठेतरी सुरू झालेलं असतं, कोणीतरी कोणाला तरी सांगितलेलं असतं की अमक्याकडे जा, अडचणीला उभा राहतो. आणि संपतं तेही शेवटच्या बिलाच्या खूप आधी. मधली काही वर्षं नुसताच व्यवहार चालू असतो, माल येतो, पेमेंट जातं, रिपोर्टमध्ये सगळं हिरवं दिसतं, पण आत काही उरलेलं नसतं.

मग ते ओळखायचं कसं? माझ्यापुरती एक खूण आहे. अडचण यायच्या आधी फोन येतो की आल्यानंतर मेल येते, एवढंच मी बघते. ज्या सप्लायरशी नातं जिवंत आहे तो आधी सांगतो, मॅडम पुढच्या आठवड्यात आमचं मोठं मशिन दुरुस्तीला उघडायचंय, तुमचा लॉट आधीच काढून ठेवू का. आणि जिथे ते आटलंय तिथून डिलिव्हरीची तारीख उलटून गेल्यावर मेल येते, सीसीमध्ये निम्मं ऑफिस, आणि खाली कराराच्या कुठल्याशा कलमाचा नंबर. कलमाचा नंबर आला की समजून घ्यायचं. त्या दोन्ही सप्लायरचं रेटिंग कदाचित सारखंच असेल, कारण पहिल्याच्या फोनला आपल्या सिस्टिममध्ये कॉलमच नसतो.

हे मला बघून बघून कळलं होतं, पण नंतर वाचनात आलं की ते कोणीतरी साठ वर्षांपूर्वीच नीट अभ्यास करून लिहून ठेवलंय. स्ट्युअर्ट मॅकॉले नावाचे कायद्याचे प्राध्यापक, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातले. १९६३ साली त्यांचा अभ्यास छापून आला. ४३ कंपन्या आणि ६ लॉ फर्ममधल्या ६८ लोकांशी बोलून त्यांनी बघितलं की धंदेवाले लोक करार खरोखर किती वापरतात. तर उत्तर असं की फारच कमी. विकणारा आपला छापील फॉर्म पाठवतो, घेणारा आपला पाठवतो, दोन्ही फॉर्मच्या पाठीमागच्या अटी एकमेकींशी जुळत नाहीत, आणि त्यावाचून कोणाचं काही अडत नाही. ऑर्डर रद्द करायची वेळ आली, माल खराब निघाला, तर लोक फोन उचलतात आणि आपापसात मिटवतात. पुन्हा एकमेकांशी धंदा करायचा असेल तर कलमं वाचून दाखवायची नसतात, अशा अर्थाचं एकाने त्यांना सांगितलं होतं. कायदा शिकवणाऱ्या माणसाने हे लिहावं याचं मला फार अप्रूप वाटतं.

करार नको असं मी म्हणत नाहीये, करार लागतोच, मी स्वतः ढिगाने केलेत आणि प्रत्येक ओळ वाचून केलेत. पण करारात कमीत कमी काय करायचं ते लिहिलेलं असतं. त्याच्या वर दोन्ही बाजू एकमेकांसाठी जे करतात, जे कोणी मागितलेलं नसतं आणि ज्याचं बिल निघत नाही, ते म्हणजे नातं असं मला वाटतं. आणि काळाबरोबर बदलतं ते हेच. करार वर्षानुवर्षं तोच राहतो, दर वर्षी रिन्यू होतो, आणि हा वरचा थर कधी वाढत जातो, कधी कोणाच्या लक्षातही न येता झिजत जातो.

हा थर किती जाड असू शकतो त्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे आयसिनची आग. १ फेब्रुवारी १९९७, शनिवारची पहाट, जपानमधल्या कारिया शहरात आयसिन सेकी कंपनीचा एक कारखाना जळाला. तिथे ब्रेकमधला एक छोटासा व्हॉल्व्ह बनायचा, मागच्या चाकांवर किती दाब जावा ते ठरवणारा. लहानशी वस्तू, पण टोयोटाच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांना तो व्हॉल्व्ह एकट्या आयसिनकडून जायचा आणि टोयोटा साठा ठेवत नाही हे तर जगजाहीर आहे. त्यामुळे काही दिवसांतच टोयोटाच्या जपानमधल्या बहुतेक लाइन्स थांबल्या. व्हॉल्व्ह बनवायची खास मशिन्स जळालेली, ती पुन्हा उभी करायची तर महिने लागणार.

पुढे जे झालं ते मी किती जणांना सांगितलं असेल मला आठवत नाही. आयसिनने ड्रॉइंग्ज वाटून टाकली. ज्याला हवी त्याला. आणि सुमारे २०० कंपन्या कामाला लागल्या, काही थेट व्हॉल्व्ह बनवायला, काही त्यांना लागणारी टूल्स आणि पार्ट जागेवर धरून ठेवणारी जिग बनवायला. त्यात शिलाई मशिन बनवणारी ब्रदर होती, जिचा ब्रेकशी काही संबंध नाही. खास मशिन्स कोणाकडेच नव्हती म्हणून लोकांनी साध्या मशिनिंग सेंटरवर ते पार्ट काढले, कोणी एका पद्धतीने, कोणी दुसऱ्या, आणि एकाला जमलेली युक्ती दुसऱ्याला सांगितली गेली. रेट काय मिळणार, ओव्हरटाइम कोण देणार, आमचं चालू काम मागे पडलं त्याचं काय, हे कोणी आधी विचारत बसलं नाही. आठवड्याभरात टोयोटाच्या लाइन्स पुन्हा सुरू होत गेल्या. पैशांचा हिशोब नंतर झाला, आणि टोयोटाने पहिल्या फळीतल्या, म्हणजे थेट तिला माल देणाऱ्या सप्लायरना वर आभार म्हणून जी रक्कम दिली ती त्यातल्या अनेकांनी पुढे आपापल्या सप्लायरमध्ये वाटली.

हे सांगितलं की लोक म्हणतात, ते जपानी आहेत हो, त्यांची संस्कृतीच तशी. मला हे पटत नाही. संस्कृती म्हटलं की विषय संपतो आणि शिकण्यासारखं काही उरत नाही. तिथे काय होतं ते बघा ना. त्या कंपन्यांचे इंजिनिअर वर्षानुवर्षं एकमेकांच्या कारखान्यात जाऊन एकत्र प्रश्न सोडवत होते, एकमेकांची मशिन्स कोणती आणि माणसं कोण हे त्यांना तोंडपाठ होतं, सप्लायरची संघटना होती, तिथे भेटीगाठी व्हायच्या. आणि स्वार्थ होताच की, टोयोटा थांबली तर सगळेच थांबणार होते. पण नुसत्या स्वार्थावर आठवड्याभरात व्हॉल्व्ह निघत नाही. कोणाला फोन करायचा हे आधीच माहीत असावं लागतं, आणि आपण आज केलेलं उद्या विसरलं जाणार नाही याची खात्री असावी लागते. ती खात्री आग लागल्यावर तयार करता येत नाही.

आता ह्याच्या बरोबर उलटी गोष्ट, तीही मोटारींचीच. १९९२ मध्ये जनरल मोटर्सच्या पर्चेसची सूत्रं होजे इग्नासिओ लोपेझ यांच्याकडे आली. त्यांनी चालू करार बाजूला ठेवून सप्लायरकडून पुन्हा पुन्हा कोटेशन मागवली, रेट खाली आणा नाहीतर काम दुसऱ्याला. वाचले, खूप पैसे वाचले, कंपनीला तेव्हा त्याची गरजही होती. १९९३ मध्ये लोपेझ फोक्सवॅगनमध्ये गेले, गोपनीय कागद सोबत नेल्याच्या आरोपावरून मोठा खटला झाला, १९९७ मध्ये तडजोड झाली, तो वेगळा विषय. माझा विषय मागे काय राहिलं हा आहे. पुढे कित्येक वर्षं अमेरिकेतले सप्लायर जनरल मोटर्सबद्दल कडवटपणे बोलत राहिले, आणि आपली नवी कल्पना, नवं तंत्र पहिल्यांदा कोणाला दाखवायचं हे ठरवायची वेळ आली की लोकांना ते दिवस आठवायचे. माणूस काही महिने पदावर असतो आणि सप्लायरच्या आठवणीत वीस वर्षं राहतो. पर्चेसच्या प्रत्येक नव्या मॅनेजरला मी ही गोष्ट सांगत आलेय, कारण त्याचं प्रमोशन पहिल्या वर्षाच्या बचतीवर होतं आणि त्याची किंमत त्याच्या खुर्चीवर नंतर बसणारा मोजतो.

पण मग जुनी नाती सांभाळणं म्हणजेच चांगलं का? नाही, तसंही नाही, आणि इथे मला निसानचा विचार करावा लागतो. १९९९ मध्ये निसान बुडायच्या बेतात होती, रेनो या फ्रेंच मोटार कंपनीने त्यात मोठा हिस्सा घेतला आणि तिने पाठवलेल्या कार्लोस घोन यांनी त्या ऑक्टोबरमध्ये जो प्लॅन जाहीर केला त्यात सप्लायरची संख्या १,१४५ वरून ६०० वर आणायचं होतं, शिवाय निसानने ज्या शेकडो कंपन्यांचे शेअर्स नातं म्हणून धरून ठेवले होते त्यातले बहुतेक विकून टाकायचे होते. जपानमध्ये त्यावर खूप आरडाओरड झाली. पण पुढच्याच आर्थिक वर्षात कंपनी नफ्यात आली. म्हणजे बाहेरून टोयोटासारखंच दिसणारं जाळं होतं, शेअर्स एकमेकांचे, जुनी ओळख, जुने संबंध, आणि आतून बरंचसं पोकळ होतं. सवयीने ऑर्डर जायची, सवयीने माल यायचा, कोणी कोणाला अवघड प्रश्न विचारत नव्हतं. आपला माणूस आहे म्हणून खराब लॉट पोटात घालणं आणि आपला माणूस आहे म्हणून त्याच्या कारखान्यात जाऊन लॉट खराब का झाला ते शोधणं, ह्या दोन्हींना लोक जुने संबंधच म्हणतात, आणि त्यामुळेच गोंधळ होतो.

ब्रायन उझी नावाच्या समाजशास्त्रज्ञाने नव्वदच्या दशकात न्यूयॉर्कमधल्या कपडे बनवणाऱ्या कंपन्यांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना जवळपास हेच दिसलं. घट्ट संबंध असलेल्या कंपन्या बंद पडण्याचं प्रमाण कमी होतं, पण एका मर्यादेपर्यंतच. सगळाच धंदा मोजक्या जवळच्यांशी बांधून टाकला की बाहेरचं वारं लागत नाही, नवीन काय चाललंय कळत नाही, आणि त्यातला एखादा मोठा गेला की बाकीचे सोबत जातात. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये व्यक्तींबद्दल म्हटलं होतं की नवीन माहिती जवळच्यांपेक्षा तोंडओळखीच्या लोकांकडून जास्त येते, ते धंद्यालाही लागू पडतं असं माझा अनुभव सांगतो. मला आजवर मिळालेले चांगले सप्लायर जवळपास सगळे अशा माणसांनी सुचवलेत ज्यांच्याशी माझं वर्षातून एकदा बोलणं होतं.

नात्यात कोणाचा हात वर आहे हेही बदलत राहतं, आणि ते इतकं हळू बदलतं की वरचा हात असलेल्याला शेवटी कळतं. आयबीएमने १९८१ च्या ऑगस्टमध्ये पहिला पीसी आणला तेव्हा आतली चिप इंटेलची आणि ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची घेतली, कारण बाहेरून घेतल्याने काम लवकर होणार होतं. त्या वेळी आयबीएम डोंगराएवढी कंपनी आणि बाकी दोघे तिचे सप्लायर. एवढंच की मायक्रोसॉफ्टला ती सिस्टिम इतरांनाही विकायची मोकळीक राहिली. मग कॉम्पॅकसारख्या कंपन्यांनी तसेच पीसी काढले, १९८६ मध्ये तर इंटेलच्या ३८६ चिपचा पीसी कॉम्पॅकने आयबीएमच्या आधी आणला, आणि हळूहळू लोक कुठल्या कंपनीचा पीसी हे विचारायचं सोडून आत काय आहे ते विचारायला लागले. २००५ मध्ये आयबीएमने पीसीचा धंदाच लेनोवोला विकला. ह्यात फसवाफसवी कोणी केली असं मला वाटत नाही, पण मधल्या काळात प्रत्येक वर्षी करार होत असतील, मीटिंगा होत असतील, आणि दर वर्षी टेबलाच्या दोन बाजूंमधलं वजन थोडं थोडं सरकत असेल. मी अशा मीटिंगांमध्ये बसलेय, लहान प्रमाणावर. जो सप्लायर पूर्वी वेळेच्या आधी येऊन बाहेर थांबायचा तो एके वर्षी म्हणतो की व्हिडिओ कॉलवर बोलू या का. त्यात उर्मटपणा नसतो. त्याच्याकडे आता दुसरी गिऱ्हाइकं असतात.

फोर्ड आणि फायरस्टोनची गोष्ट मला जास्त चटका लावते. हेन्री फोर्डने हार्वे फायरस्टोनकडे टायरची मोठी ऑर्डर दिली ती १९०६ मध्ये. दोघे मित्र झाले, एकत्र कॅम्पिंगला जायचे. १९४७ मध्ये फोर्डच्या नातवाचं फायरस्टोनच्या नातीशी लग्न झालं, कंपन्या अक्षरशः सोयरे झाल्या. पुढे १९८८ मध्ये ब्रिजस्टोनने फायरस्टोन विकत घेतली, नाव तेच राहिलं, मालक बदलले. २००० मध्ये फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांचे अपघात आणि टायरचा वरचा पट्टा सुटून येण्याचं प्रकरण बाहेर आलं, माणसं मेली होती, ६५ लाख टायर परत मागवले गेले, आणि मग दोष टायरचा की गाडीचा यावर दोघे सगळ्यांसमोर भांडायला लागले. मे २००१ मध्ये टायर कंपनीनेच पत्र पाठवून फोर्डशी संबंध तोडले, विश्वास आणि परस्परांबद्दलचा आदर उरला नाही असं त्यात कारण होतं. ९५ वर्षं! मला त्यातलं भांडण तेवढं महत्त्वाचं वाटत नाही, भांडणं चांगल्या नात्यातही होतात. पण संकट आलं तेव्हा दोघांनी एका टेबलावर बसून आकडे एकत्र बघायला हवे होते, त्याऐवजी दोघांनीही आपापले आकडे जगाला दाखवले. आयसिनच्या आगीच्या वेळी ड्रॉइंग्ज वाटली गेली होती, इथे आकडे शस्त्रासारखे वापरले गेले. नात्याचं वय दोन्हीकडे मोठंच होतं.

कंपन्यांची नाती माणसांमध्ये असतात, हे सगळे म्हणतात पण रचना करताना कोणीच धरत नाही. दर दोन-तीन वर्षांनी पर्चेसच्या माणसाची बदली करायची, कारण एका जागी राहिला तर सप्लायरशी लागेबांधे तयार होतील, हा नियम मी अनेक ठिकाणी बघितलाय आणि त्यामागची भीती खोटी नाही. पण हँडओव्हरमध्ये जातं काय तर फाइल, रेट, ओपन पीओची यादी. अमक्या सप्लायरने कठीण वर्षात आपल्याला उधारीवर माल दिला होता, तमक्याचा मुलगा आता धंदा बघतो आणि त्याला वडिलांसारखं गप्पा मारून काम करायला आवडत नाही, लेखी दिलेलं आवडतं, हे कुठल्याच फाइलमध्ये नसतं. नवीन माणूस येतो, त्याला दिसतं की ह्या सप्लायरचा रेट बाजारापेक्षा थोडा जास्त आहे, तो रिव्हर्स ऑक्शन लावतो, म्हणजे सप्लायरनी एकमेकांपेक्षा रेट कमी करत जायचा उलटा लिलाव, आणि स्क्रीनवर अर्ध्या तासात रेट खाली येतो. त्या थोड्या जास्त रेटमध्ये काय काय होतं, ते पुढच्या संकटात कळतं, तोपर्यंत त्याचीही बदली झालेली असते.

आणि आपण ज्याला ओळखतो त्याच्या पलीकडे कोण आहे हे तर बहुतेकांना माहीतच नसतं. २०२० मध्ये लॉकडाउन लागल्यावर मोटार कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या, चिप कारखान्यांनी ती जागा लॅपटॉप आणि फोनवाल्यांना दिली, आणि काही महिन्यांनी गाड्यांची मागणी परत आली तेव्हा मोटारवाले रांगेत मागे उभे होते. कित्येकांनी चिप बनवणाऱ्यांशी कधी बोलणंच केलेलं नव्हतं, कारण ते पार्ट घेत होते दुसऱ्याकडून, तो तिसऱ्याकडून. शतकभर ज्यांच्यापुढे सप्लायर उभे राहत होते त्यांना पहिल्यांदा कळलं की चिपवाल्यांसाठी आपण छोटं गिऱ्हाईक आहोत. २०२१ च्या शेवटी फोर्ड आणि जनरल मोटर्स थेट चिप कंपन्यांशी बोलणी करत असल्याच्या बातम्या आल्या. टोयोटाला सुरुवातीला कमी झळ बसली, कारण जपानमधल्या २०११ च्या भूकंपानंतर त्यांनी सप्लायरच्या सप्लायरपर्यंत जाऊन माहिती गोळा केली होती आणि चिपचा काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला होता, साठा न ठेवण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीने! तरी सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांनाही जगभरातलं उत्पादन ४० टक्क्यांनी कमी करावं लागलं. तयारीलाही मर्यादा असते.

उझींच्या त्या न्यूयॉर्कच्या अभ्यासातली एक गोष्ट मात्र मी कधी विसरत नाही. एक कंपनी आपलं काम आशियात हलवणार होती. बातमी आधी फुटली तर शिवणकाम करणारे कंत्राटदार हात आखडतील, खराब माल देतील, म्हणून ती गुप्त ठेवणं फायद्याचं होतं. तरी ज्यांच्याशी जवळचे संबंध होते त्यांना मालकाने आधी सांगितलं, म्हणजे त्यांना दुसरं काम शोधायला वेळ मिळेल. आणि त्यांनी शेवटपर्यंत काम चोख दिलं. नातं संपतानाही हा वरचा थर असू शकतो हे मला तिथे पहिल्यांदा शब्दांत वाचायला मिळालं.

पहिल्यांदा शब्दांत म्हणते, कारण प्रत्यक्षात मी ते अनुभवलं होतं. आमच्या एका सप्लायरने धंदा बंद करायचं ठरवलं, वय झालं होतं, पुढे बघणारं कोणी नव्हतं. करारात नोटीस होती ९० दिवसांची. त्यांनी जवळजवळ वर्षभर आधी फोन केला. आमच्या पार्टसाठी कोण चांगला हे विचारल्यावर त्यांनी ज्याचं नाव दिलं तो त्यांचा इतकी वर्षं प्रतिस्पर्धी होता. डाय, म्हणजे पार्ट काढायचे साचे, आमच्याच मालकीच्या होत्या, त्या त्यांनी दुरुस्त करून नवीन सप्लायरकडे पाठवल्या, सोबत त्यांचा जुना ऑपरेटर काही दिवस तिथे जाऊन राहिला, कारण त्यातली एक डाय गरम झाल्यावर किंचित सरकायची आणि ते ड्रॉइंगमध्ये नव्हतं, त्यालाच माहीत होतं. नवीन सप्लायरचा पहिला लॉट तरीही रिजेक्ट झाला. मी फोन केला तेव्हा ते दोघे आधीच एकमेकांशी बोलले होते, आणि दुसरा लॉट कधी येणार ते मला दोघांनी मिळून सांगितलं.